शरयूताईची सहा घड्याळं

गव्हाची मूठ नाकाशी धरून मी वास घेत होते, तेव्हा शरयूताईच्या इराचा फोन आला. भोपाळच्या करोंद मंडीत गव्हाच्या हंगामात एवढा गलका असतो की ती काय म्हणाली ते पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. "काय गं?" मी ओरडून विचारलं. मग ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मावशी, आई गेली." हातातले गहू परत पोत्यात टाकावेत की तसेच धरून उभं राहावं, हे मला कळेना. दुकानदार विचारत होता, "बहनजी, तौल दूँ?" आणि मी मान हलवत होते... हो म्हणून की नाही म्हणून, आज सांगता येणार नाही. त्यानं वर्षाचा गहू तोलला, हमालानं तो रिक्षात चढवला, आणि मी घरी न जाता तशीच, गव्हाच्या पोत्यांवर पाय ठेवून, अयोध्या नगरला शरयूताईच्या दारात उतरले. आत ती होती. बाहेर रिक्षावाला पोती कुठे उतरवू म्हणून विचारत होता.

बातमी अचानक आली असं म्हणता येणार नाही. अडीच-तीन वर्षं ती आमच्याकडे एकेक पाऊल टाकत येत होती, आणि तिच्या येण्याच्या खुणा आम्हा सगळ्यांना दिसत होत्या. फक्त प्रत्येकाला वेगळी खूण दिसत होती.

शरयूताई माझ्या नात्यातली नव्हती. बरखेड्यात, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, आमचं क्वार्टर तिच्या क्वार्टरसमोर होतं, एवढंच. मी लग्न होऊन पुण्याहून भोपाळला आले आणि टाउनशिपच्या शाळेत शिकवायला लागले. ती नागपूरची, कारखान्याच्या तपासणी विभागात. टर्बाइनचे भाग जोडणीला जाण्याआधी तिच्या हाताखालून जायचे. मायक्रोमीटरच्या चिमटीत धातू धरायचा आणि अंगठा न् बोटानं हलकेच फिरवत केसाहून बारीक फरक शोधायचा, हे तिचं रोजचं काम. त्या विभागात बाई अशी ती एकटीच. उंच, हाडापेरानं मोठी, आणि मनगटावर पुरुषांचं पोलादी, किल्लीचं घड्याळ. पहिल्या पगारातून घेतलेलं. लग्नात सासरहून सोन्याचं नाजूक लेडीज घड्याळ आलं होतं, ते तिनं कधी घातलं नाही. "डाळीच्या दाण्याएवढी तबकडी," ती म्हणायची. "बघायला भिंग लागतं. बायकांना वेळ कशाला बघायची असते, असं वाटत असणार बनवणाऱ्याला!" आमची सगळी टाउनशिप कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळं लावायची. शरयूताई आपल्या घड्याळावर भोंगा तपासायची, आणि रस्त्यापलीकडून मला ओरडून सांगायची, "नीलू, आज भोंगा लेट!"

घड्याळांचा खेळ तिनंच सुरू केला. कारखान्याच्या ग्रंथालयात परदेशी तांत्रिक मासिकं यायची. जुनी झाली की रद्दीत जायची. त्यांच्या शेवटच्या पानांवर स्वित्झर्लंडच्या आणि जर्मनीच्या घड्याळांच्या जाहिराती असत, गुळगुळीत कागदावर, पानभर. शरयूताई ती पानं मागून आणायची. एका रविवारी सकाळी मी तिच्याकडे गेले तर पलंगावर पानांचा पसारा, आणि ती मांडी घालून मधोमध.

"ये. यातलं कुठलं घेशील?"

"घेशील म्हणजे?"

"म्हणजे पैशांचा सवालच नाही असं समज. काय हवं ते सांग."

मी सोन्याचं, कडेनं हिरे लावलेलं एक दाखवलं. शाळेत मी नापास मुलाकडे बघते तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. "हा दागिना झाला. घड्याळ सांग."

तिथून पुढे जवळजवळ प्रत्येक रविवार. तिचे यजमान, प्रभाकर भाऊजी, कोपऱ्यावरून पोहे-जिलेबी आणायचे आणि आमच्यासमोर ठेवून पेपर उघडून बसायचे, अधूनमधून म्हणायचे, "काल घेतलेलं आज विकलं का?" नियम शरयूताईचे होते. संग्रहात सहाच घड्याळं. सातवं आवडलं तर आधीचं एक बाहेर काढायचं, आणि ते का काढलं हे मोठ्यानं सांगायचं. "साठ घड्याळं कुणीही जमवेल," ती म्हणायची. "सहा निवडायला अक्कल लागते." तिच्या सहांमध्ये समुद्रात खोल बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांसाठी केलेलं एक होतं: काळी तबकडी, फिरणारी कडा, आणि पाणी शिरू नये म्हणून आट्यांवर घट्ट बसवलेलं किल्लीचं गोल बटण. एक होतं कडेला दोन बटणांचं, सेकंदाचे तुकडे मोजणारं. एक चंद्राच्या कला दाखवणारं. एक असं, की ज्याला लीप वर्षसुद्धा आपोआप कळतं. एक जर्मन, दोनच काटे, बाकी पांढरी शांतता. आणि सगळ्यात वरचं ते, ज्याची कडेची पट्टी सरकवली की ते तास, पाव तास आणि मिनिटं वाजवून दाखवतं... मनगटावर, एवढ्याशा जागेत, घंटा! ते आम्ही दोघींनी कधी ऐकलेलं नव्हतं. ते कसं वाजत असेल यावर मात्र आमची खूप भांडणं झाली.

ह्या सहांपैकी एकही बॅटरीवर चालणारं नव्हतं. आपोआप चालणारं, हाताच्या हालचालीनं किल्ली भरून घेणारं, तेही ती नाइलाजानं एखादंच ठेवायची. "जे घड्याळ रोज सकाळी तुझ्याकडून काहीतरी मागतं ते तुझं," हे तिचं मत. मी म्हणायचे, "रोज आठवणीनं किल्ली द्यायची म्हणजे कटकटच की." त्यावर ती आपल्या मनगटावरचं घड्याळ काढून, माझ्यासमोर धरून किल्ली द्यायची. अंगठा पुढे, बोट मागे, आणि शेवटी जिथे किल्ली अडते तिथे तिचा हात आपोआप थांबायचा. "बघ. भरलं की ते सांगतं." वीसेक वर्षं हा वाद आमच्यात चालला आणि वीसेक वर्षं मी हरत आले.

निवृत्तीनंतर ती दोघं अयोध्या नगरला स्वतःच्या घरात राहायला गेली, पाठोपाठ आम्हीही जवळच. मासिकांची जागा मोबाइलनं घेतली. खेळ तोच, पण आता घड्याळ बोटानं मोठं करून त्याच्या पोटातली चाकंसुद्धा बघता यायची. शरयूताईला खरं तर त्याचा आनंद व्हायला हवा होता.

काही वर्षांनी, एका पावसाळ्यातल्या रविवारी ती सहज म्हणाली, "ते जर्मन काढून टाकू या." मी चकित झाले. दोन काट्यांच्या त्या पांढऱ्या घड्याळासाठी तिनं एकदा माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "रोज किल्ली द्यायची म्हणजे कटकटच की." माझंच वाक्य. वीस वर्षांचा वाद मी एका सकाळी जिंकले, आणि मला वाटलं, वयाबरोबर माणूस मवाळ होतो. पुढे सेकंदाचे तुकडे मोजणारं गेलं. त्याची बटणं फार कडक असतात, असं तिनं कुठेतरी वाचलं होतं. मग बक्कलचा पट्टा असलेलं गेलं. नुसती सरकवायची कडी असलेलं आलं. मग जड ती गेली, हलकी आली. मोठ्या तबकड्या गेल्या. आणि दिवाळीच्या सुमारास एका रविवारी तिनं मोबाइल माझ्यापुढे केला, तर पडद्यावर एक नाजूक, बांगडीसारखं, बॅटरीचं लेडीज घड्याळ.

"हे?" मी म्हटलं. "शरयूताई, हे तर डाळीचा दाणा!"

ती हसली. पण नेहमीसारखं उलट बोलली नाही. भाऊजींनी पेपरमधून वर पाहिलं आणि परत पेपर धरला. त्या दिवशी ती कुर्ता घालून होती, डोक्यावरून चढवायचा, बटणं नसलेला. बरेच दिवस ती तसलेच कुर्ते घालत होती. मला ते दिसत होतं. पण दिसणं आणि कळणं ह्यात किती अंतर असतं...

इरा, तिची एकुलती मुलगी, हैदराबादला नोकरी करते. लहानपणापासून तिनं आमचा खेळ पलंगाच्या कडेला बसून पाहिलेला. त्या हिवाळ्यात तिला मोठी बढती मिळाली आणि तिनं फोनवर जाहीर केलं, "आई, सहांपैकी एक. खरं. तू निवडायचं, मी घेणार." शरयूताई नको नको म्हणेल असं मला वाटलं होतं. ती लगेच तयार झाली. इतकी लगेच, की मला जरा चमत्कारिक वाटलं. "नीलू येणार असेल तर," एवढी एकच अट. इरा परस्पर दिल्लीला आली आणि आम्ही दोघी भोपाळहून सकाळच्या गाडीनं गेलो.

ते दुकान म्हणजे देवघर होतं. आवाज नाही, गालिचा, काचेखाली एकेका घड्याळावर एकेक दिवा. शरयूताईनं बाद केलेलं तेच मागितलं, आणि हातमोजे घातलेल्या विक्रेत्यानं मखमलीच्या तबकात ते आणलं, पाणबुड्यांचं, काळ्या तबकडीचं. इतकी वर्षं कागदावर पाहिलेलं ते घड्याळ प्रत्यक्षात समोर आलं तेव्हा तिच्याआधी मीच पुढे वाकले. इरानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. शरयूताईनं घड्याळ डाव्या तळव्यावर घेतलं, उजव्या हाताची चिमूट त्या गोल बटणावर ठेवली. फिरवलं. बटण हललं नाही. तिनं पुन्हा पकड घेतली. बोटं नखापर्यंत पांढरी झाली, ओठ मिटले, आणि चिमूट बटणावरून निसटली.

"घट्ट आहे," ती म्हणाली.

"मैम, थोड़ा दबाकर घुमाइए," विक्रेता अदबीनं म्हणाला आणि त्यानं स्वतः, हातमोज्यातल्या दोन बोटांनी, ते बटण सहज सैल करून दाखवलं. दाखवलं आणि पुन्हा बंद करून तिच्यापुढे ठेवलं. तिनं तिसऱ्यांदा हात लावला नाही. ज्या चिमटीनं तिनं जन्मभर पोलाद मोजलं त्या चिमटीकडे ती पाहत होती. मला वाटलं, थंडीनं बोटं आखडली असतील. मग तिनं दुसऱ्या काचेकडे बोट केलं. तिथे ते बांगडीसारखं घड्याळ होतं.

"आई, हे?" इराचा आवाज चढला. "तू आयुष्यभर ज्याला नावं ठेवलीस, ते?"

"मला आवडलंय. आणि नुसतं सरकवायचं असतं."

ते घेतलं. इरा रुसल्यासारखी झाली, मग विमानतळावर जाताना आईला मिठी मारून रडली. आईनं आपल्याला खर्चात पाडायचं नाही म्हणून लहान घड्याळ घेतलं, असा तिचा समज झाला होता. परतीच्या गाडीत आम्ही दोघी खिडकीशी समोरासमोर होतो. आग्रा गेलं, बाहेर मोहरीची पिवळी शेतं लागली. शरयूताईनं दोन्ही तळवे उताणे करून माझ्यापुढे धरले.

"बघ. अंगठ्याखालची उशी. डावीकडची आणि उजवीकडची."

डाव्या हाताचा उंचवटा होता तसा होता. उजव्या हाताचा नव्हता. तिथे कातडी सपाट झाली होती, मध्ये खळगा पडल्यासारखी.

"आता इथे हात ठेव," ती म्हणाली आणि तिनं दंडावरची शाल बाजूला केली. मी हात ठेवला. कातडीखाली काहीतरी वळवळत होतं. बारीक, क्षणभर थांबून परत, तिच्या इच्छेशी काही संबंध नसल्यासारखं. मी हात मागे घेतला. हात मागे घ्यायला नको होता असं लगेच वाटलं, पण घेतला गेला.

"मागच्या पावसाळ्यापासून चालू आहे," ती म्हणाली. "आत कुणी सेकंदकाटा बसवून गेल्यासारखं. मला माहितीये नीलू, हे काय असू शकतं. मी वाचलंय सगळं. परवा डॉक्टरांकडे जायचंय, ह्यांना घरी गेल्यावर सांगते."

"अगं, मग आधीच का नाही गेलीस? दिल्लीला कशाला आलो आपण?"

"आधी दुकान, मग दवाखाना," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "उलट केलं असतं, तर दुकानात मला काहीच दिसलं नसतं."

डॉक्टरांनी हातोडीनं गुडघे तपासले, सुया लावून कसल्या कसल्या तपासण्या केल्या, आणि शेवटी आजाराचं नाव सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून विझत जातात. बुद्धी शाबूत राहते. औषध असं नाही. आधी हात, मग पाय, मग घसा, मग श्वास. क्रम बदलू शकतो, असं ते म्हणाले, जणू त्यात काही दिलासा होता. त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या बैठकीत बसलो होतो. इरा पुन्हा सुट्टी काढून आली होती. शरयूताई आत पडली होती. भाऊजी एकदम म्हणाले, "तिच्या घड्याळाला पावसाळ्यापासून मी किल्ली देतोय." आम्ही त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणायची, तुमच्या हातची किल्ली जास्त टिकते. मला बरं वाटायचं हो... म्हातारपणी लाडात आलीये असं वाटायचं." मग इरा म्हणाली, आई फोनवर व्हिडिओ नको म्हणायची, कारण तिला फोन हातात धरवत नसणार. मी कुर्त्यांचं सांगितलं आणि घड्याळांचं सांगितलं. एकेकाकडे एकेक तुकडा होता. ते सगळे त्या संध्याकाळी टीपॉयवर मांडल्यावर जे तयार झालं, त्याकडे बघायचं धाडस आमच्यापैकी कोणालाच होईना. आतून तिचा आवाज आला, "झालं का तुमचं? चहा कोण करतंय?"

पुढचं सगळं डॉक्टर म्हणाले त्या क्रमानं झालं. दिल्लीचं घड्याळ तिनं हौसेनं घातलं. पण हात वाळत गेला तसं ते मनगटावरून वर सरकायला लागलं; हात उचलून ठेवला की कोपराशी जाऊन थांबायचं. एक दिवस ती म्हणाली, "काढा हे. हे मला माप दाखवतंय." बोलणं जड झालं, मग फक्त भाऊजींना कळायचं, मग त्यांनाही नाही. इरानं नोकरी घरून करायची परवानगी घेतली आणि भोपाळला येऊन राहिली. पण रविवार आम्ही सोडला नाही. मी मोबाइल तिच्या डोळ्यांसमोर धरायचे, एकेक घड्याळ सरकवत जायचे. डोळे एकदा मिटले की हो. नजर भिंतीकडे वळली की नाही.

शेवटच्या हिवाळ्यातला एक रविवार मात्र सांगायलाच हवा. तिच्या सहांमध्ये तेव्हा सगळी हलकी, सरकवायची, बॅटरीची घड्याळं होती. मी पहिलं दाखवलं. नजर भिंतीकडे. दुसरं. भिंतीकडे. सहाच्या सहा तिनं बाहेर काढली. मला वाटलं, तिला आता खेळ नकोसा झालाय, आणि मी मोबाइल खाली ठेवायला लागले, तर तिच्या घशातून रागाचा आवाज आला. इरा म्हणाली, "मावशी, जुनी दाखव." मी जर्मन दाखवलं, दोन काट्यांचं. डोळे मिटले. सेकंदाचे तुकडे मोजणारं. मिटले. चंद्राच्या कलांचं. मिटले. लीप वर्षाचं, पाणबुड्यांचं... एकेक करून सगळी परत आली, जड, मोठी, घट्ट बटणांची, रोज काहीतरी मागणारी. भाऊजी पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी विचारलं, "शरयू, एवढ्या सगळ्यांना किल्ली कोण देणार?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग इराकडे. मग माझ्याकडे. तिघांवरही नजर सारखाच वेळ थांबली. त्या नजरेत विनवणी नव्हती. तपासणी विभागातल्या बाईची नजर होती ती. माल पास झाला की नाही हे बघणारी.

सहावं बाकी होतं, वाजणारं. मोबाइलवर त्याचा आवाज ऐकायची सोय कधीचीच होती, पण भांडण मिटेल म्हणून आम्ही दोघींनी तो ऐकला नव्हता. इरानं मोबाइलवर शोधून लावलं. खोलीत ती बारीक घंटा वाजली... आधी तास, मग जोडीनं पाव तास, मग भरभर मिनिटं. आम्ही इतकी वर्षं ज्यावर भांडलो त्याच्याहून तो आवाज फार लहान होता आणि फार गोड होता. संपल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले होते. तो होकार होता की तिला झोप लागली होती, हे आम्हाला कळलं नाही. आम्ही होकार धरला.

त्यानंतर, उन्हाळा लागायच्या सुमारास, तिचा श्वास गेला.

आता घर आवरून झालं आहे. भाड्यानं आणलेला पलंग आणि श्वासाचं यंत्र परत गेलं, इराही हैदराबादला परतली. भाऊजी एकटेच आहेत, आणि दिवसाआड संध्याकाळी आमच्याकडे चहाला येतात. परवा आले तेव्हा मी चहाबरोबर द्यायला चिवड्याची नवी बरणी काढली. झाकण फिरवलं. फिरेना. पदरानं पुसून पुन्हा फिरवलं. तरी फिरेना. मी तशीच उभी राहिले, हातात बरणी घेऊन, आणि माझ्या लक्षात आलं की भाऊजींनी कप खाली ठेवलाय. ते माझ्या अंगठ्याकडे पाहत होते. मी स्वतःही तिकडेच पाहत होते. महिनाभर रोज सकाळी, गॅसचं बटण फिरवताना, कुलपात चावी घालताना, मी तिथेच पाहत आले आहे. हे मी घरात कोणालाच सांगितलेलं नाही. मी श्वास रोखून जोर केला. झाकण करकरलं आणि सुटलं.

"उघडली," भाऊजी म्हणाले.

"हो. घट्ट होती."

त्यांनी माझ्या हातातून बरणी घेतली, झाकण पुन्हा घट्ट लावलं, आणि स्वतः उघडून पाहिलं.